नर्मदेच्या खोऱ्यात सापडलेला शार्कचा दात

प्रश्न थोडक्यात असा आहे. इंदूरला राहणारं एक मराठी कुटुंब दिवाळीच्या सुट्टीत धार जिल्ह्यातली बाघची लेणी बघायला गेलं. परतताना मनावर या गावाच्या बाजूला, रस्त्याकडेच्या एका कोरड्या ओढ्यात आठवीतल्या मुलाला दीड सेंटिमीटर लांबीचा, तपकिरी, चकचकीत, टोकदार तुकडा सापडला. वडिलांनी दोन फोटो पाठवून विचारलं आहे: हा शार्कचा दात असू शकतो का? समुद्र तिथून दोनशे किलोमीटरांहून दूर, मग तो तिथे आला कसा? असे दात महाराष्ट्रात का मिळत नाहीत? आणि आता याचं करायचं काय?

दात शार्कचाच आहे. फोटोत दोन भाग वेगळे दिसतात. वरचा टोकदार भाग गुळगुळीत आणि काचेसारखा चमकणारा, तर खालचा भाग मंद, खरबरीत, बारीक छिद्रांचा आणि मधोमध दुभंगून दोन पायांसारखा पसरलेला. खालचा भाग म्हणजे मूळ. दुभंगलेलं सच्छिद्र मूळ आणि त्यावर बसलेला चकाकता मुकुट ही जोडी गारगोटीत किंवा कॅल्साइटच्या स्फटिकात दिसत नाही. दुसऱ्या फोटोत मुळाच्या मधोमध एक खाच आहे. तिथून दाताला रक्तपुरवठा होत असे. ती खाच दिसली आणि माझी शंका मिटली. जात कुठली, हे मात्र फोटोवरून सांगणार नाही. त्यासाठी दात भिंगाखाली चारही बाजूंनी फिरवून बघावा लागतो. एकाच शार्कच्या जबड्यात पुढचे, बाजूचे, वरचे आणि खालचे दात वेगवेगळ्या आकाराचे असतात, त्यामुळे फोटोवर दिलेलं नाव पुष्कळदा चुकतं.

पुढे जाण्याआधी एक सांगतो. तुमच्या मुलाने दात उचलून खिशात घातला. कोणताही मुलगा तेच करेल, मीही केलं होतं. पण माझा पहिला प्रश्न तुम्ही विचारलेल्या चारांपैकी एकही नाही. तो दात नेमका कुठे पडला होता, आणि त्याच्या आजूबाजूला आणखी काय होतं, हे मला हवं आहे. कारण पुढे लिहितो.

शार्कचे दातच का सापडतात, अख्खा शार्क का नाही, हे कोकणातल्या लोकांना लवकर कळेल. मालवणकडे जिला मोरी म्हणतात आणि उत्तरेला मुशी, ती शार्कच. मोरीचं मटण केलेल्या घरात ठाऊक असतं, की तिच्यात सुरमईसारखा टणक काटा नसतो. मधला कणा असतो तो मऊ, चावता येईल असा. सगळा सांगाडा कूर्चेचा, आपल्या नाकाच्या शेंड्यात आणि कानाच्या पाळीत असते तशा पदार्थाचा. प्राणी मेला की कूर्चा कुजून जाते, दगडात उतरायला फारशी उरत नाही. दातांची गोष्ट निराळी. त्यांच्यावरचं कवच मुख्यतः फ्लोरिन असलेल्या कॅल्शियम फॉस्फेटचं असतं. शरीरातला हा सर्वांत टिकाऊ भाग. मोरी साफ करताना तिची कातडी पॉलिश पेपरसारखी हाताला लागते, ती गरम पाणी ओतून खरवडावी लागते. ते खरबरीतपण म्हणजे कातडीतले लक्षावधी सूक्ष्म दातच असतात. रचना तीच, फक्त आकार बारीक. चाळलेल्या मातीत आम्हाला तेही सापडतात.

त्यात शार्कचे दात आयुष्यभर पडत राहतात. आपल्याला दोनदा दात येतात. शार्कच्या जबड्यात पुढच्या रांगेमागे दुसरी, तिच्यामागे तिसरी अशा रांगा तयार असतात आणि सरकत्या पट्ट्यासारख्या पुढे येत राहतात. एक शार्क हयातीत हजारो दात टाकतो. म्हणजे एक दात सापडला तर तिथे शार्क मेला असं समजू नका. तो तिथून पोहत गेला असेल, जेवला असेल, एवढंच.

आता समुद्राचं. शाळेच्या भूगोलात आपण सगळ्यांनी पाठ केलेलं एक वाक्य आहे: नर्मदा आणि तापी खचदरीतून पश्चिमेकडे वाहतात. तुमच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर त्या ‘खचदरी’ शब्दात आहे. विंध्य आणि सातपुडा यांच्यामधली जमिनीची पट्टी फार प्राचीन काळापासून भेगांनी दोन्हीकडे कापली गेलेली आहे आणि वेळोवेळी खचत आलेली आहे. सुमारे ९ कोटी वर्षांपूर्वी, क्रिटेशियस काळात, ती अशीच खचत होती. त्याच सुमारास जगभर समुद्राची पातळी आजच्यापेक्षा खूप वर होती, १०० मीटरहून नक्कीच जास्त. ध्रुवांवर आजच्यासारखे बर्फाचे थर नव्हते, सगळं पाणी समुद्रातच होतं. शिवाय समुद्रतळाच्या पर्वतरांगांमधून नवा खडक झपाट्याने तयार होत होता. नवा खडक गरम असतो, फुगलेला असतो, त्यामुळे समुद्राचा तळच वर उचलला गेला आणि पाणी खंडांवर चढलं. अमेरिकेत कॅन्ससच्या मक्याच्या शेतांखाली आणि मोरोक्कोत आजच्या किनाऱ्यापासून दूर आत समुद्री थर मिळतात, तेही या उंच समुद्रांचीच देणगी.

भारत तेव्हा विषुववृत्ताच्या दक्षिणेला होता आणि मादागास्करपासून सुटत होता. हिमालय नव्हता. सह्याद्री नव्हता, कारण ज्या लाव्हाचा तो बनला आहे तो लाव्हा अजून बाहेरच आलेला नव्हता. त्या भारताच्या पश्चिम कडेकडून समुद्राची एक चिंचोळी जीभ खचदरीतून आत शिरली. आजचा राजपीपळा, छोटा उदेपूर, अलिराजपूर, बाघ, मनावर असा तिचा माग खडकांत आहे. या खडकांना भूशास्त्रात बाघ थर म्हणतात. ब्लॅनफर्ड या ब्रिटिश भूशास्त्रज्ञांनी १८६९ साली तापी आणि खालच्या नर्मदा खोऱ्याचं भूशास्त्र लिहिलं, त्यात या थरांचं तपशीलवार वर्णन आहे. पुढे आपल्या पुण्यात, महाराष्ट्र विज्ञानवर्धिनीत, म्हणजे आजच्या आघारकर संशोधन संस्थेत, चिपळूणकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या थरांमधल्या जीवाश्मांवर वर्षानुवर्षं काम केलं. मराठी माणसाला बाघ थर परके वाटू नयेत असं मला म्हणूनच वाटतं.

तुम्ही लेणी पाहिलीत ना? अजिंठा-वेरूळ बेसाल्टात कोरलेली आहेत. बाघची लेणी वालुकाश्मात आहेत. हा निमाड वालुकाश्म बाघ थरांचा सर्वांत खालचा भाग. तळाशी नद्यांनी आणलेली वाळू, आणि वर जाता जाता भरती-ओहोटीच्या खुणा, म्हणजे समुद्र जवळ येत चाललेला. त्यावर गाठी-गाठींचा चुनखडक येतो. हा उथळ, शांत समुद्राच्या तळावरचा गाळ. त्यावर काही ठिकाणी पिवळट, ठिसूळ चुनखडीयुक्त मातीचा पातळ थर असतो. देवला आणि चिराखान या मनावरजवळच्या गावांवरून त्याला नाव मिळालं आहे. तो जीवाश्मांनी ठासून भरलेला आहे. सगळ्यांत वर लालसर ‘कोरलाइन’ चुनखडक. नाव चुकून पडलं आहे. त्यात दिसणारी जाळी आणि फांद्या प्रवाळाच्या नसून ब्रायोझोआ नावाच्या सूक्ष्म, वसाहत करून राहणाऱ्या प्राण्यांच्या आहेत. तुकडे झालेले, एका दिशेला लोटलेले, म्हणजे तिथे पाण्याला जोर होता. बाघ थरांच्या सर्वांत वरच्या भागातले शार्कचे दात दिल्ली विद्यापीठाचे जी. व्ही. आर. प्रसाद आणि सहकाऱ्यांनी २०१७ मध्ये सविस्तर वर्णन केले आहेत.

समुद्र आला तसा मागे गेला. त्याने सोडलेल्या जमिनीवर लॅमेटा थर साचले, आणि त्यांत डायनासोरची घरटी आहेत. धार जिल्ह्यातल्याच परिसरातून ९२ घरटी आणि २५६ अंडी नोंदवणारा अभ्यास २०२३ साली प्रसिद्ध झाला. त्यावर साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा दख्खनचा लाव्हा. मनावरच्या एखाद्या टेकडीच्या पायथ्यापासून माथ्यापर्यंत अर्धा तास चढलात तर नदी, समुद्र, डायनासोरची जमीन आणि लाव्हा असं सगळं पायाखालून जातं. मी आजवर पुष्कळ ठिकाणी हिंडलो, पण इतक्या थोड्या चढात इतकं दाखवणारी जागा आपल्या जवळपास दुसरी नाही.

आणि इथेच ओढ्याचा घोटाळा होतो. ओढा टेकडीच्या सगळ्या थरांना कापत खाली येतो आणि प्रत्येकातलं काहीबाही घेऊन येतो. त्याच्या पात्रात शार्कचा दात, शेजारी डायनासोरच्या अंड्याच्या कवचाचा तुकडा आणि त्याशेजारी परवा मेलेल्या बकरीची दाढ, हे सगळं एका ओंजळीत मिळू शकतं. पात्रात सापडलेला दात म्हणजे पत्ता फाटून गेलेलं पाकीट. मजकूर आत आहे, पण आलं कुठून ते कळत नाही.

हे मी माझ्या चुकीतून शिकलो. विद्यार्थी असताना चिराखानच्या बाजूला पहिल्यांदा गेलो, तेव्हा तीन आठवडे उन्हात फिरून दोन पिशव्या भरून दात आणि शिंपले जमवले होते. एक पिशवी गाठाळ चुनखडकातली, दुसरी वरच्या कोरलाइन चुनखडकातली. परतीच्या एसटीत पिशव्या फाटल्या, मी दोन्हींतला ऐवज एका गोणीत भरला आणि मनाशी म्हटलं, घरी गेल्यावर रंगावरून वेगळे करू. नाही झाले. रंग थरावर अवलंबून असतो हे खरं, पण एकाच थरात जागोजागी लोह आणि मँगनीज कमी-जास्त असतं, आणि पांढऱ्यापासून काळ्यापर्यंत सगळ्या छटा एकाच थरात मिळतात. माझ्या मार्गदर्शकांनी गोणी उघडून पाहिली, एक-एक दात हातात घेऊन कौतुक केलं, आणि म्हणाले, “हे आता शोभेच्या कपाटात ठेव.” त्यातला एकही दात प्रबंधात वापरता आला नाही.

दुसऱ्या वर्षी त्याच गावातला भिलाला या आदिवासी समाजातला बारा-तेरा वर्षांचा एक मुलगा काडेपेटी घेऊन आला. आत नऊ दात होते. मी विचारलं, कुठले? तो मला एका बांधापाशी घेऊन गेला, पिवळ्या मातीच्या एका वीतभर पट्ट्यावर बोट ठेवलं आणि म्हणाला, याच्या खालून नाही आणि वरून नाही, यातूनच. शेळ्या चारताना पावसाळ्यानंतर तिथेच ते उघडे पडायचे. माझ्या पहिल्या वर्षाच्या अख्ख्या गोणीपेक्षा त्या नऊ दातांची किंमत जास्त होती, कारण त्यांच्याबरोबर त्यांची जागा आली होती.

मुलाला सांगा, या मार्गाने आपल्या आधी फार मोठी माणसं गेली आहेत. युरोपात असे दात शतकानुशतकं मिळत होते, विशेषतः माल्टा बेटावर. लोक त्यांना जिभेचे दगड म्हणत, विषावर उतारा म्हणून बाळगत. १६६६ साली इटलीच्या किनाऱ्यावर लिव्होर्नोजवळ कोळ्यांनी एक प्रचंड शार्क पकडला. त्याचं डोकं फ्लॉरेन्सला आणवलं गेलं आणि निकोलस स्टेनो या डॅनिश शरीरशास्त्रज्ञाकडे ते फाडून बघायला दिलं. जबड्यातले दात आणि जिभेचे दगड यांतलं साम्य त्याने १६६७ मध्ये लिहून काढलं. हे साम्य त्याच्याआधीही काहींच्या लक्षात आलं होतं. स्टेनो पुढच्या प्रश्नावर गेला: एका घन वस्तूच्या आत दुसरी घन वस्तू शिरते कशी? मग भोवतालचा गाळ मऊ असताना दात त्यात बुडाला असला पाहिजे, आणि खालचा थर वरच्यापेक्षा आधीचा असला पाहिजे. १६६९ मधल्या त्याच्या पुस्तकातल्या या विचारावर आजचं सगळं स्तरविज्ञान उभं आहे. शार्कच्या दाताने माणसाला थर वाचायला शिकवलं.

आपल्याकडेही समुद्राचा असा एक पुरावा घराघरांत आहे. देवघरातला शाळिग्राम. नेपाळात गंडकीच्या पात्रात मिळणाऱ्या त्या काळ्या गोट्याच्या आत जे चक्र असतं, ते अॅमोनाइट नावाच्या समुद्री प्राण्याचं शंखासारखं कवच आहे, जुरासिक काळातलं. हिमालय जिथे उभा आहे तिथे पूर्वी समुद्र होता, हे तो गोटा सांगतो. त्याने पूजेला काही बाधा येते असं मला कधीच वाटलं नाही. उलट तुळशीपत्र वाहताना हात थोडा जास्त हळुवार होतो.

महाराष्ट्रात का मिळत नाहीत? याचं मुख्य उत्तर बेसाल्ट. राज्याच्या चार-पंचमांशाहून अधिक भागावर लाव्हाचे थर आहेत. तापलेल्या लाव्हात दात असण्याचा प्रश्नच नाही, आणि त्याखाली काय आहे ते शेकडो मीटर खाली झाकलेलं आहे. घाटात किंवा विहिरीच्या खोदकामात मिळालेले चकचकीत टोकदार तुकडे लोक मला दर वर्षी पाठवतात. जवळपास सगळे कॅल्साइटचे, स्टिल्बाइटचे किंवा गारगोटीचे स्फटिक निघतात. सुंदर असतात, जपून ठेवावेत असे असतात, पण दात नसतात. अलिबागच्या बाजूला आक्षी-नागावच्या किनाऱ्यावर शिंपल्यांनी भरलेला जो ‘करळ’ दगड मिळतो, तो वाळू आणि शिंपले चुन्याने सांधून अलीकडच्या काळात बनला आहे. तो कोट्यवधी वर्षांचा नव्हे.

विदर्भाची गोष्ट मात्र वेगळी आहे आणि मला ती जास्त महत्त्वाची वाटते, कारण शार्कचा दात म्हणजे समुद्र हे समीकरण तिथे मोडतं. गोदावरी-प्राणहितेच्या खोऱ्यात, तेलंगणाच्या बाजूला, मलेरी नावाचे ट्रायासिक काळातले, म्हणजे डायनासोर नुकते अवतरत होते तेव्हाचे, थर आहेत. त्यांत झेनाकँथस गटातल्या शार्कचे दात मिळतात, दोन शिंगांसारखी टोकं असलेले. हे शार्क नदी-तळ्यांत राहणारे होते. त्याच खोऱ्यातल्या कोटा थरांत, जे गडचिरोलीच्या सिरोंच्यापर्यंत येतात, हायबोडॉन्ट गटातल्या शार्कचे बारीक दात नोंदले गेले आहेत. तेही गोड्या पाण्याच्या गाळातले. आजही बुल शार्क नद्यांमध्ये खोलवर शिरतो, आणि गंगेत राहणारी शार्कची जातही आहे. तेव्हा सिरोंच्याच्या कोटा थरांत कोणाला शार्कचा दात मिळाला तर “गडचिरोलीत समुद्र होता” असा मथळा देण्याची घाई करू नये. दाताबरोबर काय मिळालं ते बघावं. सी-अर्चिन (काटेरी, गोल समुद्री प्राणी), कालवं, अॅमोनाइट सोबत असतील तर समुद्र. गोड्या पाण्यातले शिंपले, सुसरीचे दात, गोड्या पाण्यातल्या माशांचे जाड खवले असतील तर नदी किंवा तळं. बाघच्या थरांत पहिली मंडळी भरपूर आहेत, म्हणून तिथे समुद्र होता हे आम्ही छातीठोकपणे म्हणतो. एकट्या दाताच्या जोरावर म्हणत नाही.

चंद्रपूरच्या सीमेपलीकडे आसिफाबादजवळ, लाव्हाच्या दोन थरांच्या मधल्या गाळात, पाकटासारख्या, म्हणजे पसरट अंगाच्या, माशाचे चपटे दात मिळाले. १९९३ मध्ये त्याला इग्डाबाटिस इंडिकस असं नाव दिलं गेलं. त्याचे जवळचे नातलग आफ्रिकेतल्या नायजर देशात क्रिटेशियसच्या शेवटच्या टप्प्यातल्या थरांत सापडलेले आहेत. दख्खनच्या लाव्हाचं वय डायनासोरांच्या अंताच्या सुमाराचं आहे हे ठरवताना या दातांची मदत झाली. छिंदवाड्याजवळ झिलमिलीला, नागपूरपासून फार लांब नाही, अशाच मधल्या गाळात समुद्रात तरंगणाऱ्या सूक्ष्मजीवांची कवचं मिळाली आहेत. समुद्राचा एखादा हात तेव्हाही मध्य भारतात आला होता का, यावर संशोधकांमध्ये अजून वाद आहे. मला तो वाद जिवंत ठेवण्यासारखा वाटतो. विदर्भातल्या महाविद्यालयांनी त्यात उतरावं असं मी विद्यार्थ्यांना नेहमी सांगत आलो.

भारतात इतरत्र बघायचं तर कच्छच्या आतल्या भागात इओसीन आणि मायोसीन काळातले, म्हणजे डायनासोरांच्या अंतानंतरचे, दात मिळतात. ओडिशात मयूरभंज जिल्ह्यात बारीपदाजवळ नदीकाठच्या मायोसीन थरांत मेगॅलोडॉन या नामशेष झालेल्या प्रचंड शार्कचे दात मिळाले आहेत, आणि हिमाचलात सुबाथूच्या खडकांत शार्क आणि पाकटांचे. तमिळनाडूत अरियलूरच्या बाजूला करईच्या उघड्या माळावर प्टायकोडस नावाच्या शार्कचे दात येतात. हे दात टोकदार नसतात. टाकी लावलेल्या पाट्यासारखे चपटे आणि ओळींनी वळ्या पडलेले असतात, आणि शिंपले, शंख फोडून खाण्यासाठी असतात. गेली दोनशे वर्षं नुसत्या दातांवरून या प्राण्याचे अंदाज बांधले जात होते. २०२४ मध्ये मेक्सिकोतल्या अख्ख्या सांगाड्यांवरून आजचे माको आणि ग्रेट व्हाइट हे शार्क ज्या गणात येतात त्याच गणातला तो जलद पोहणारा शार्क होता हे कळलं. राजस्थानात जैसलमेरच्या जुरासिक खडकांतून स्ट्रोफोडस जैसलमेरेन्सिस ही नवी जात २०२१ मध्ये भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण आणि आयआयटी रुरकीच्या संशोधकांनी जाहीर केली. वाळवंटातला शार्क म्हणून वर्तमानपत्रांत तेव्हा बरंच आलं होतं.

आता तुमच्या दाताचं. पाण्यात धुऊन जुन्या मऊ टूथब्रशने माती काढा, बाकी काही नको. लिंबू, व्हिनेगर, टॉयलेट क्लीनर अजिबात लावू नका. दात फॉस्फेटचा आहे, आम्लाने त्याची चमक जाते आणि मूळ खाल्लं जातं. प्रयोगशाळेत आम्ही चुनखडकातून दात सोडवायला सौम्य आम्ल वापरतो, पण त्याची मात्रा आणि वेळ सांभाळावी लागते. मुळाला चीर असेल तर फेव्हिक्विक लावू नका, तो नंतर निघत नाही आणि पुढच्या तपासणीत अडथळा होतो. औषधाच्या छोट्या डबीत कापूस घालून ठेवा आणि आत कागदाची चिठ्ठी टाका: तारीख, जवळचं गाव, रस्ता, मोबाइलवरचे अक्षांश-रेखांश, आणि “ओढ्यात सुटा सापडला”. हे शेवटचे तीन शब्द प्रामाणिकपणे लिहिणं फार महत्त्वाचं आहे.

धार भागात तुम्ही पुन्हा जाणार असाल तर एक गोष्ट ओळखता यायला हवी. लॅमेटा थरांतून डायनासोरचे दातही ओढ्यात येतात. मांसाहारी डायनासोरचा दात चपटा, मागे वळलेला, कडेला करवतीसारखे दाते असलेला असतो, आणि काही शार्कच्या दातांनाही तसे दाते असतात. फरक बुडाशी बघा. शार्कचं मूळ पसरट, दुभंगलेलं. डायनासोरचा गळून पडलेला दात बुडाशी पोकळ, किंवा त्या पोकळीत गाळ भरलेला. सुसरीचा दात गोल, शंकूसारखा आणि बुडाशी पोकळ. १० पट मोठं दाखवणारं भिंग मुलाला घेऊन द्या. दोन-तीनशे रुपयांत मिळतं, आणि या छंदात त्याच्याइतकं उपयोगी दुसरं काही नाही.

बहुतेक दात तुमच्या मुलाला मिळाला त्याहून खूप लहान असतात, दोन-तीन मिलिमीटरचे. ते डोळ्याने दिसत नाहीत, चाळावे लागतात. पिवळी चिकणमाती उन्हात कडकडीत वाळवून पाण्यात टाकली की तिचा चिखल होतो. तो रव्याच्या चाळणीतून धुऊन वर उरलेला चुरा पांढऱ्या ताटात पसरून भिंगाने बघायचा. माती नीट फुटत नसेल तर वाळलेली माती आधी काही तास केरोसीनमध्ये मुरवून, केरोसीन निथळून, मग पाणी घालायची आमची जुनी रीत आहे, पण ती मुलांच्या हाती देण्यासारखी नाही. साध्या पाण्यानेही पुष्कळ मिळतं. एका शेराभर मातीत एक दात मिळाला तरी भाग्य समजावं. मुलं कंटाळतील असं लोकांना वाटतं, पण मी पाहिलेली मुलं तासन्‌तास ताटावर वाकून बसलेली आहेत.

बाघजवळ डायनासोर जीवाश्मांसाठी राखलेलं राष्ट्रीय उद्यान आहे. त्याच्या हद्दीतून काहीही उचलू नका, साधा दगडही नाही. हद्दीबाहेरही शेतातून काही घेताना मालकाला विचारा आणि थरात रुतलेलं काही दिसलं तर खणू नका. फोटो काढा, शेजारी नाणं किंवा पेन ठेवून, आणि जागा लिहून ठेवा. खणताना थर तुटतो, आणि तुटलेला थर पुन्हा जोडता येत नाही.

विकत मात्र घेऊ नका. खनिजांच्या प्रदर्शनांत आणि ऑनलाइन जे मोठाले शार्क-दात विकले जातात ते बहुतेक मोरोक्कोच्या फॉस्फेटच्या खाणींतले असतात. त्यांतल्या अनेकांत एका दाताचा मुकुट दुसऱ्याच्या मुळाला चिकटवलेला असतो. ते खरे असले तरी त्यांचा थर कोणाला ठाऊक नसतो. मुलाला हौस असेल तर मनावरच्या ओढ्यातला त्याचा स्वतःचा दीड सेंटिमीटरचा दात त्या सगळ्यांहून मोलाचा आहे.

माझी विनंती एवढीच. पुढच्या वेळी त्या ओढ्यावर गेलात तर सापडलेल्या जागेपासून पाणी जिकडून येतं त्या दिशेने, दोन्ही काठ बघत हळूहळू चाला. पात्रातले गोटे बघा. काळे बेसाल्टचे किती, लालसर जाळीदार चुनखडकाचे किती, पिवळी माती कुठे उघडी पडली आहे. लालसर गोटे जिथे एकदम संपतील, तिथे काठावर कुठला थर दिसतो त्याचा फोटो काढा, शेजारी मुलाला उभं करून, म्हणजे उंचीचा अंदाज येईल. तो फोटो आणि दाताच्या मुळाचा खालून, सूर्यप्रकाशात काढलेला एक फोटो मला पाठवा. दाताच्या आतल्या, म्हणजे जिभेकडच्या फुगीर, बाजूला उभ्या बारीक रेघा आहेत का, तेही मुलालाच भिंगातून बघून लिहायला सांगा.